दीड वाजला म्हणून जेवले

"तुला बरं व्हायचंय ना?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना मी हो म्हणाले आणि दर वेळी अर्धं खोटं बोलले. केस गळायचे थांबावेत, पाळी यावी, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ नये हे हवंच होतं, फक्त ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने जेवण तोडत जायचा आजार, तो पण हवा होता. दोन्ही.

आमच्याकडे हा आजार लपवणं भलतंच सोपं. मी सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी सगळंच धरायला लागले तर शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, आजकालच्या पोरींमध्ये एवढी श्रद्धा कुठे असते! लग्नकार्यात "किती छान बारीक झालीस गं" हे वेगळंच. पहिल्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं आणि म्हणाले, नीट जेवत जा. ते जमत असतं तर आले असते का तुमच्याकडे?

नंतरच्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी बरं व्हायचंय का हे विचारलंच नाही. म्हणाल्या, आजाराला दोन पत्रं लिहून आण, एक मैत्रीण समजून, एक वैरीण समजून. वैरिणीचं पत्र पाच ओळींत संपलं, शाळेतल्या निबंधासारखं. मैत्रिणीला चार पानं. बारावीत सगळं हातातून सुटत होतं तेव्हा तूच होतीस, तू असलीस की मला कुणाची गरज नाही, वगैरे वगैरे. वाचून दाखवताना आधी लाज वाटली, मग रडूच फुटलं, आणि मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत की हे चूक आहे. घरी सगळ्यांशी भांडायची सवय लागलेली, इथे भांडायला समोर कुणी नाही, मग ते भांडण माझं माझ्याशीच सुरू झालं. (१९९९ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जॅनेट ट्रेझर आणि सहकाऱ्यांनी अशाच पत्रांवर पेपर लिहिलाय. तिथल्या मुलींनी पण लिहिलेलं की हा आजार आपल्याला सांभाळतो. मला वाटलेलं मी एकटीच येडी.)

पण पत्रांनी पोट भरत नाही. मी वाट बघत बसलेले की एक दिवस आतून मोटिव्हेशन येईल आणि मग मी जेवायला लागेन. मॅडमनी अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग सांगितला, १९४४-४५ मधला, ॲन्सेल कीज यांचा. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं तर ते चिडके झाले, माणसं टाळायला लागले, काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. अगदी मी! रात्री दोनला पुरणपोळीचे व्हिडिओ बघायचे आणि खायची शून्य. म्हणजे ज्याला मी माझा स्वभाव समजत होते त्यातलं बरंचसं नुसतं उपाशी डोकं होतं, आणि उपाशी डोक्याकडून कसला निर्णय मागताय.

मग ठरलं की इच्छा नंतर, जेवण आधी. पोटॅशियम, फॉस्फेट, ईसीजी बघत बघत हळूहळू वाढवायचं, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर जिवावर बेतू शकतं. दीड वाजता मोबाईलचा गजर, वरणभात, वर तूप. पहिल्या दिवशी तो भात गार होऊन त्यावर तूप थिजलं तरी मी बघतच बसलेले, आई समोर वाटाणे सोलत होती, एक शब्द बोलली नाही. भूक नव्हती, इच्छा तर नव्हतीच. दीड वाजला म्हणून जेवले.

उपास डॉक्टरांनी बंद केले तेव्हा वाटलं आजी वाद घालणार. ती म्हणाली, तुझ्या वाटचा मी करते. गेल्या संकष्टीला दीड वाजता गजर झाला, मी लॅपटॉपवरून उठेना, तर आतून साबुदाणा भिजवता भिजवता ओरडली, "अगं तुझं वाजलं बघ, ऊठ!"