घोंगडी, इलॅस्टिक आणि १७ इंच

५ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा नीट मोजलं. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, फेकतो ते पूर्ण अंतर ६० फूट ६ इंच, पूर्ण जोर, ३० चेंडू, आणि जाळीमागे वही घेऊन बसलेला माझा भाचा. स्ट्राइक झोनमधून, म्हणजे ज्या चौकोनातून चेंडू गेला की बॅटरविरुद्ध 'स्ट्राइक' मोजतात त्यातून, गेले ९. माझ्या उजवीकडे सुटले ११, वरून गेले ६, खाली किंवा डावीकडे ४. गेल्या मोसमात मी किती वॉक (झोनबाहेरच्या चार चेंडूंमुळे बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) दिले ते आठवलं तर यात आश्चर्य काही नाही. तरी हे कागदावर उतरलेलं पाहिलं आणि रात्री जेवण गोड लागलं नाही.

थोडं माझ्याविषयी. उजव्या हाताने फेकतो, वय ३१, कॉलेजपर्यंत मध्यमगती गोलंदाज, बेसबॉलमध्ये हे चौथं वर्ष. इंदूरला रामबागेत राहतो. होळकर संघाने ४ वेळा रणजी करंडक आणलेलं हे शहर, इथे क्रिकेटचा हात प्रत्येकाला लहानपणीच मिळतो. तो हात पिचिंगला कितपत कामाचा? माझ्या अनुभवात खांदा तयार मिळतो, पण अचूकतेची सवय वेगळी असते. गोलंदाजाची नजर टप्प्यावर असते, टप्प्यावर रुमाल ठेवून आम्ही तासन् तास घाम गाळलेला आहे. इथे टप्पाच नाही, चेंडू हवेतूनच १७ इंचांच्या प्लेटवरून (बॅटरपुढे जमिनीत बसवलेला पाट) जायला हवा, आणि धावत यायला रनअपही नाही. पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने २००८ मध्ये करारबद्ध केलेले रिंकू सिंह (क्रिकेटपटू रिंकू नव्हे) आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकीतून आले होते, हे मला म्हणूनच फार बोलकं वाटतं. भाला गोलंदाजीसारखा ताठ हाताने नाही, कोपरातून फेकला जातो.

आधी अंशाचं गणित मांडतो, कारण पुढचं सगळं सामान त्यावरच ठरलं. चेंडू हातातून सुटतो तेव्हा हात रबरच्या (पिचर पाय टेकवून फेकतो ती पट्टी) साधारण ६ फूट पुढे आलेला असतो, म्हणजे प्लेट उरते ५४-५५ फुटांवर. तेवढ्या अंतरात दिशेतली १ अंशाची चूक ११ इंचांवर जाते. प्लेटच्या मध्यापासून कड साडेआठ इंच. चेंडूची बाजू नुसती कडेवरून गेली तरी स्ट्राइक धरतात, ती सवलत मिळवली तरी हातात येतात जेमतेम १० इंच. म्हणजे पूर्ण १ अंशसुद्धा आपल्याला परवडत नाही. इतकी बारीक चूक अंगाला आपोआप जाणवत नाही, कोणीतरी दाखवावी लागते.

१२ ऑक्टोबर

मागच्या वर्षी घेतलेली ९ खणांची जाळी बाहेर काढली. दोन सत्रं फेकून परत गुंडाळून ठेवली. तिच्या नळ्या वाकल्यात हे एक झालं, पण खरी तक्रार दुसरी आहे. चेंडू खणात गेला तर आनंद, पट्टीवर आदळला तर परत उसळतो, आणि बाहेर गेला तर किती बाहेर गेला ते कळत नाही. शिवाय खण दिसला की मी हात आवरता घेतो. चेंडू खणात 'ठेवायला' लागतो. सामन्यात तसा फेकलेला चेंडू बॅटर मैदानाबाहेर पाठवतो. ज्यांना हिचा उपयोग होतो त्यांनी जरूर वापरावी. मला मात्र माझी चूक मोजून दाखवणारं साधन हवं आहे.

भिंतीवर गेरूने चौकोन काढणं स्वस्तात होतं, पण चामड्याचा चेंडू चार दिवसांत सोलून निघतो. १०८ टाक्यांची ती शिवण उसवली की पकड गेली.

१९ ऑक्टोबर

दोऱ्यांची चौकट बांधली. ही कल्पना जुनी आहे. ब्रूकलिन डॉजर्स या अमेरिकन संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांनी फ्लोरिडातल्या व्हेरो बीचच्या सराव केंद्रात प्लेटवर दोन खांब रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्यांचा स्ट्राइक झोन ताणला होता, आणि पिचर त्यातून चेंडू टाकत असत. कॅचर मागे बसतो, चेंडू आरपार जातो, आणि दोरीच्या आत गेला की बाहेर हा वाद उरत नाही.

माझी चौकट अशी: रंगाचे दोन रिकामे डबे, त्यात सिमेंट ओतून उभे केलेले दोन बांबू, मधे सुतळी. सुतळीने दुसऱ्याच दिवशी दगा दिला. चेंडू लागला की एकतर ती तुटते, नाहीतर डब्यासकट बांबू आडवा होतो. मग शिवणकामाच्या दुकानातून परकराला लावतात ते इंचभर रुंदीचं इलॅस्टिक आणलं. चेंडू लागला की ते ताणतं, झणझणतं आणि जागेवर येतं. वर दोन, खाली दोन खिळे मारून उंची बदलायची सोय ठेवली. खालची पट्टी गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्याशी, वरची खांदा आणि पँटचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर, नियमात आहे तशी. संघातल्या ५ फूट ७ इंचांच्या मित्राला बॅट घेऊन उभं केलं आणि मापं घेतली: १८ आणि ४३ इंच.

मागे काय टांगायचं हा प्रश्न आजीने सोडवला. माळ्यावर आजोबांची काळी घोंगडी होती. दोन्ही टोकांना दोरी ओवून ती चौकटीमागे दोन फुटांवर सैल सोडली. चेंडू तिच्यात शिरतो आणि जागच्या जागी मऊ पडतो. आधी चेंडूलाच फक्की लावून पाहिली, म्हणजे काळ्यावर पांढरा ठसा उमटेल. पण चेंडू निसटायला लागला, आणि चुन्याने बोटांना चिरा पडल्या. आता उलटं करतो. शंखजिऱ्याची पूड फडक्यात बांधून घोंगडीवरच थोपटतो. चेंडू लागेल तिथली पूड उडते आणि काळा डाग दिसतो. १० चेंडू झाले की भाचा डाग मोजतो, वहीत काढलेल्या चौकोनात टिंबं मांडतो, आणि घोंगडी पुन्हा थोपटून पांढरी करतो. या वहीने मला चार वर्षांच्या सामन्यांपेक्षा जास्त शिकवलं.

९ नोव्हेंबर

रोज मैदान मिळत नाही. वाड्यामागचा बोळ ५२ फुटांचा, त्यात ४६ फुटांवर प्लेट बसते. अमेरिकेत लिटल लीगची १२ वर्षांपर्यंतची मुलं याच अंतरावरून टाकतात. प्लेट जवळ आली की १७ इंच सोपे होतात, म्हणून चौकट अरुंद केली. चेंडू सुटल्यावर इथे उरतात सुमारे ४० फूट. मैदानावरच्या ५४-५५ फुटांशी त्रैराशिक मांडलं आणि रुंदी साडेबारा इंच केली. दिशेची तीच कसोटी, जागा कमी.

पहिल्या दिवशी ३० मध्ये ८. काल १३. उजवीकडची टिंबं घटली आणि त्याचं कारणही सापडलं. रबरच्या मध्यापासून प्लेटच्या मध्यापर्यंत फक्कीची रेघ मारली होती. माझा डावा पाय रेघेच्या उजवीकडे ४-५ इंच पडत होता. पाय आडवा पडला की कंबर अडते, हाताला शरीर ओलांडून यावं लागतं आणि चेंडू उजवीकडे सुटतो. मी इतके महिने मनगटाला दोष देत होतो. रेघ कोणत्याही मैदानावर फुकट मारता येते, आणि हातात पैसे नसतील तर मी सगळ्यांत आधी तीच मारायला सांगेन.

१६ नोव्हेंबर

मोठ्या हौसेने पूर्ण अंतरावर गेलो, आणि ३० मध्ये ८ आले. आडव्या दिशेत सुधारणा स्पष्ट दिसत होती, उजवीकडे फक्त ४. पण १५ चेंडू खाली गेले, काही तर प्लेटच्या आधीच जमिनीला लागले. उरलेले ३ वरून.

दोन दिवस डोकं चाललं नाही. मग मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मोजलं. हातातून सुटण्यापासून इलॅस्टिकपर्यंत मैदानावर सुमारे १४५ फ्रेम, बोळात १०५. म्हणजे ०.६ सेकंद आणि ०.४४ सेकंद. फिरकी आणि हवेचा परिणाम बाजूला ठेवला तर ०.६ सेकंदात चेंडू जवळपास ६ फूट खाली येतो, ०.४४ मध्ये ३ फूट. बोळात अंगात बसलेला सुटण्याचा कोन लांबवर नेला की चेंडू खालीच जाणार. अंतर कमी केलं तर दिशा शिकता येते, उंची शिकता येत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये सराव करता, म्हणून हे ठळकपणे सांगतो. तेव्हापासून बोळात मी आडवी इलॅस्टिकं काढूनच ठेवली आहेत, नुसत्या दोन उभ्या पट्ट्या. उंचीचा हिशोब फक्त रविवारी, मैदानावर.

१४ डिसेंबर

माउंड, म्हणजे पिचर ज्यावरून फेकतो तो उंचवटा. आमच्या मैदानाची काळी माती सपाट आहे, आणि सकाळी तिथे एका वेळी पाच क्रिकेट सामने चालतात, तेव्हा कायमचा उंचवटा करणं शक्य नाही. नियमातला माउंड १० इंच उंच असतो, १९६९ च्या आधी तो १५ होता. माझ्यासाठी उंचीपेक्षा उतार महत्त्वाचा: रबरच्या ६ इंच पुढून दर फुटाला १ इंच. सुताराकडून प्लायवूडची घसरण करून घेतली, मागे ६ इंच उंच, पुढे ६ फुटांत शून्यावर येणारी, मधे बिजागरी म्हणजे दुमडून ई-रिक्षात मावते. वर जुना काथ्याचा गालिचा खिळवला, नाहीतर बूट घसरतो.

पहिले दोन रविवार सगळे चेंडू वर. उतारावर पाय उशिरा टेकतो आणि मी सपाटीच्या सवयीने हात आधीच सोडत होतो. यावर पंच्याचा, म्हणजे टॉवेलचा, सराव केला. पंच्याचं एक टोक मधल्या बोटांत धरायचं, चेंडू टाकतो तसा पूर्ण हात फिरवायचा, आणि पुढे धरलेल्या भाच्याच्या ग्लोव्हवर दुसरं टोक फटकन वाजलं पाहिजे. चेंडू नसल्यामुळे खांद्यावर ताण कमी येतो. रोज रात्री जेवणाआधी २०.

भाच्याविषयी एक गोष्ट लिहायलाच हवी. तो १३ वर्षांचा आहे आणि आता त्यालाही टाकायचं असतं. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट मार्गदर्शनात या वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (टाकलेले चेंडू) आहेत, पण मी जास्त पाळतो ते विश्रांतीचं कोष्टक: २० पर्यंत दुसऱ्या दिवशी चालतं, २१ ते ३५ झाले तर १ दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला २ दिवस, ५१ ते ६५ ला ३, त्यापुढे ४. ते सामन्यांसाठी आहे, मी सरावालाही लावतो. त्याला २० वर थांबवतो. गेल्या आठवड्यात त्यानेच मला अडवलं, "मामा, तुझे पस्तीस झाले, आता पुरे." वही त्याच्या हातात आहे, मी थांबलो.

१८ जानेवारी

पूर्ण अंतर, घसरण लावून, पूर्ण जोर, ३० चेंडू. आत १७. उजवीकडे ५, वर ३, खाली ५. डावीकडे एकही नाही, आणि याचा मला सगळ्यांत जास्त विचार पडला आहे, कारण चुका दोन्ही बाजूंना सारख्या पसरायला हव्या होत्या. पाय आता रेघेवर पडतो, व्हिडिओत दिसतं. मग उजवीकडे ओढ अजून का उरली? माझा अंदाज डाव्या खांद्यावर आहे, तो लवकर उघडतो. पुढचे तीन आठवडे मोबाइल मागे न ठेवता पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे माझ्या डावीकडे, ठेवणार आहे. ज्यांनी ही ओढ मोडली असेल त्यांनी कशी मोडली ते कळवा.

घोंगडीला एका जागी भोक पडलं होतं. आजीने काल काळ्या लोकरीने रफू करून दिलं. आज ती टांगल्यावर रफू कुठे आलं ते इलॅस्टिकशी लावून पाहिलं. उजव्या कडेच्या चार बोटं बाहेर, मांडीच्या उंचीला.