बुलेटची आगोट

गाडी: कास्ट आयर्न इंजिनाची ३५० बुलेट, गिअर उजव्या पायात, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), किकवरची. मुक्काम: रत्नागिरी तालुक्यातलं घर, खाडी हाकेच्या अंतरावर. मुदत: मिरगापासून गणपतीपर्यंत गाडी उभी राहणार, त्याचीच ही आगोट, म्हणजे पावसाआधीची तजवीज. मधे लावणीला एक फेरी होईल, पण तेव्हा गाडी काढायला ना वेळ असतो ना रस्ता.

थंड देशांतले लोक नोव्हेंबरात गाडी उभी करतात आणि त्यांच्या व्हिडिओंचा सुकाळ आहे. पण त्यांची यादी जशीच्या तशी कोकणात चालत नाही. त्यांचा वैरी म्हणजे बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ, आणि तो दाराबाहेर राहतो; गाडी कोरड्या गॅरेजात. आपल्याकडे चार महिने घरातली हवाच ओली, वर खारा वारा. सगळं गच्च बंद केलं की ओल आतच कोंडते. म्हणून यंदा गाडीच्या प्रत्येक तोंडाशी थांबून एवढंच ठरवत गेलो: हे बुजवायचं, की याला वारा ठेवायचा?

शनिवार

आधी गोड्या पाण्याने धुलाई. स्पोकच्या मुळाशी, मडगार्डच्या आत, मेन स्टँडच्या स्प्रिंगमागे बोटं घालून. मग हातखंब्यापर्यंत फेरी. आरे-वारेचा रस्ता मुद्दाम टाळला, धुतलेल्या गाडीवर परत खारे तुषार कशाला? ही फेरी हौसेची नाही. ड्रमात शिरलेलं पाणी ब्रेक मारून मारून सुकतं, सायलेन्सरच्या तळाचं पाणी वाफ होऊन जातं आणि ऑइल पातळ होतं. पाच मिनिटं जागेवर फुरफुर करून बंद केलेलं इंजिन याच्या उलट वागतं: पाणी तयार होतं आणि तिथेच राहतं.

गरम असतानाच ऑइल काढलं. गणपतीत बदलू म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण जळक्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल तीन महिने बेअरिंगांवर कशाला बसवून ठेवायची? खालचे दोन्ही नट खोलले, ऑइलच्या टाकीचाही आणि संपचाही (इंजिनाच्या तळाचा खळगा). २०डब्ल्यू५० भरलं आणि नवं ऑइल सगळीकडे फिरेपर्यंत पुन्हा थोडा वेळ इंजिन चालवलं.

रविवार

सगळ्यात जास्त वेळ पेट्रोलने खाल्ला. परदेशी सल्ला असतो, टाकी काठोकाठ भरा, वर स्टॅबिलायझर घाला, म्हणजे आत हवा कमी आणि गंज कमी. इथेनॉल नव्हतं तेव्हा मीही तेच करायचो. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर ओढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला जाऊन बसतात, म्हणजे नेमके कॉकच्या (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाच्या) तोंडाशी. बुलेटच्या टाकीचं झाकण श्वास घेणारं. दिवसा तापते, रात्री निवते, प्रत्येक वेळी थोडी ओली हवा आत. वर हे पेट्रोल जुन्या रबराला आणि कार्बोरेटरच्या धातूलाही मानवत नाही.

तेव्हा टाकी पूर्ण रिकामी. पेट्रोल शेजारच्या स्कूटरला दिलं. टाकी उतरवून उन्हात उलटी ठेवली, मग वाटीभर टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल आत ओतून सगळ्या बाजूंनी फिरवली. शिवण जिथे खाली येते तिथे दोनदा. जादा ऑइल काढून टाकलं, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा. हे तोंड बुजवायचंच.

कार्बोरेटरचा बाउल, म्हणजे खालची पेट्रोलची वाटी, उघडला तर तळाला पांढरी पूड, आणि पायलट जेटच्या (आयडलिंगचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या) कडेला हिरवट कडं. शिमग्यात साफ केलेला कार्बोरेटर आहे हा! पूड नखाने निघाली. खाली धातूवर बारीक खड्डे पडलेत, उजेडात तिरका धरला की दिसतात. जेट क्लीनरमध्ये भिजवून वायरीतल्या तांब्याच्या एका तारेने मोकळा केला. पिनेने करू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की आयडलिंग कधी जागेवर येत नाही. बाउल कोरडा करून बसवला.

आता इंजिनाचं पोट. या गाडीचा सिलेंडर बिडाचा, त्यामुळे रिंगा जिथे टेकून राहतील तिथे गंजाची रेघ पडण्याची भीती खरी. प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं. डिकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारी दांडी) दाबून हलक्या पायाने किक फिरवली, ऑइल सगळीकडे लागेपर्यंत. मग प्लग परत लावला आणि डिकॉम्प्रेसर सोडून किक अगदी हळू, पायाला अडेल तिथपर्यंत. इग्निशन चालू असलं तर तिथे अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधे येतो, कारण पॉइंट उघडलेले असतात. एरवी इथूनच गाडी सुरू करतो. उभी करतानाही तीच जागा. कॉम्प्रेशनवर पिस्टन थांबला म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, म्हणजे कार्बोरेटरकडून किंवा सायलेन्सरकडून ओली हवा आत जात नाही. चिंधी कोंबण्यापेक्षा हे बूच शंभर पट बरं, आणि गणपतीत काढायला कोणी विसरत नाही. त्यानंतर इग्निशन बंद आहे ना, हे बघायचं. पॉइंट मिटलेल्या जागी चावी चालू राहिली तर कॉइल तापते.

सायलेन्सरला मात्र वारा हवा आणि पाहुणे नकोत. कुंभारमाशी पावसाळ्यात दिसेल त्या नळीत मातीचं घर बांधते: सायलेन्सर, ऑइलचा ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी), कार्बोरेटरचा ओव्हरफ्लो. प्लॅस्टिक बांधलं तर आत घाम. म्हणून सगळीकडे मच्छरदाणीचे तुकडे, वरून जुन्या ट्यूबची कापलेली रिंग. एअर फिल्टरच्या डब्याला तीच जाळी, शिवाय उंदरांसाठी बाहेरून डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी.

सोमवार, निघायच्या आधी

बाकीचं भराभर उरकलं. चेन रॉकेलने धुऊन ९० नंबरचं ऑइल. केबलींत तेलाचे थेंब. रिम, स्पोक आणि हँडलला व्हॅसलीनचा पातळ हात. खोबरेल लावू नका, घरात कितीही असलं तरी. चिकट होतं, धूळ धरतं आणि मुंग्या येतात. टायरला चार-पाच पौंड जादा हवा. क्लचची दांडी बांधून ठेवायचा सल्ला देतात, तो मी मानत नाही. प्लेटा चिकटल्या तर दांडी दाबून दोन किका मारल्या की सुटतात, त्यासाठी तीन महिने स्प्रिंग दाबून का ठेवायची?

शेजारचे काका गडग्यावर बसून सगळं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “काय रे, गाडी हाय का नवरी? सकालधरनं त्यालच लावतोयस!” काकांनाच मग गळ घातली: पंधरवड्याने एकदा चाकं हाताने फिरवा आणि कव्हर उचलून बघा, पण किकला हात लावू नका. “अहो काका, पिस्टन जागेवरून हलला तर सगळी मेहनत पाण्यात.”

जागा पडवीची. खालून जमिनीची ओल वर येते, म्हणून आधी प्लॅस्टिकचा जाड कागद, त्यावर फळ्या, फळ्यांवर मेन स्टँड. प्लॅस्टिक गाडीखाली, गाडीवर नाही. वर आईच्या दोन जुन्या सुती साड्या, बाजूंनी हातभर मोकळ्या. गोणपाट टाकू नये, ते ओल धरून बसतं. सीटला बुरशी लवकर येते, ती काढून वर माळ्यावर नेली, चुलीची धग पोचते तिथे.

बॅटरी काढली, आधी निगेटिव्ह. भरून थोडा वेळ ठेवल्यावर १२.७ व्होल्ट. चार्जर कायम लावून ठेवायची चैन इथे नाही. पावसात लाइट येते-जाते आणि विजांचा भरवसा नाही. लावणीला येईन तेव्हा पुन्हा चार्ज करीन.

गणपतीत उघडताना आधी संपचा नट खोलणार. उभ्या बुलेटमध्ये ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू संपमध्ये उतरतं. ते न काढता किक मारली तर आळीभर धूर आणि ब्रीदरमधून ऑइलची धार. निघालेलं ऑइल नवंच असतं, गाळून परत ऑइलच्या टाकीत.

राहिलेलं काम: कॉकपासूनचा पेट्रोल पाइप. जुना कडक होऊन टोकाला चिरलाय, आणि बाजारातला पारदर्शक पाइप वर्षभरात पिवळा पडून ताठ होतो. इथेनॉलला टिकणारा रबरी पाइप कोणी बुलेटला लावला असेल तर आतला व्यास किती घेतला आणि क्लिप कोणती वापरली, तेवढं कळवा. लावणीच्या फेरीत बसवून टाकीन.