इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी: चार चॅनल ॲम्पच्या गाडीचा लॉग

गाडी पेट्रोल हॅचबॅक, कायम किनाऱ्याकडची, गोव्यातल्या शिवोली-हणजूण पट्ट्यात उघड्यावर उभी राहणारी. हेडयुनिट (डॅशबोर्डवरचा स्टीरिओ) बाहेरचं, ४ व्होल्ट प्रीआउटचं (ॲम्पकडे सिग्नल देणारं आउटपुट). डाव्या सीटखाली चार चॅनलचा क्लास डी ॲम्प (ॲम्प्लिफायर), दर चॅनलला ४ ओहमला ६० वॅट आरएमएस. पुढचे दोन चॅनल दारांना, मागचे दोन ब्रिज करून (म्हणजे जोडून एकच चॅनल) डिकीतल्या १० इंची सबला, खालच्या बासच्या स्पीकरला. ८ गेजची शुद्ध तांब्याची केबल, बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज. हिशोब सरळ आहे: पुढचे १२० आणि ब्रिजचे १८० मिळून ३०० वॅट, ८० टक्के कार्यक्षमता धरली तर आत ३७५ वॅट, म्हणजे १४ व्होल्टला साधारण २७ अँपिअर. केबल कमी पडत नाही.

तक्रार: इंजिन सुरू केलं की ट्वीटरमधून (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमधून) बारीक शिट्टी, ॲक्सिलरेटरबरोबर वर चढणारी. आवाज शून्यावर आणला तरी तेवढीच. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. व्हॉल्यूमबरोबर वाढणारा नॉइज व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरलेला असतो, बहुतेक वेळा चार्जिंगला लावलेला फोन ऑक्समध्ये असतो तेव्हा. न वाढणारा नॉइज त्याच्या पुढे शिरतो: आरसीए (हेडयुनिट ते ॲम्प सिग्नलची केबल), अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह) किंवा ॲम्प.

शिट्टी आल्टरनेटरचीच, हे आकड्यांवरून कळतं. नेहमीचा १२ पोलचा, तीन फेजचा आल्टरनेटर एका फेऱ्यात ३६ ठोके देतो. पुलीचं गुणोत्तर अडीच धरा. इंजिन ८०० आरपीएमला असेल तर आल्टरनेटर २००० ला, म्हणजे सुमारे १२०० हर्ट्झ. २००० आरपीएमला ३००० हर्ट्झ. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये रेघ इथेच दिसली. एखादा डायोड गेला असता तर आयडलला २०० हर्ट्झच्या आसपास घरघर मिसळली असती. बॅटरीवर एसी रेंजमध्ये रिपल (डीसीवर उरलेली एसी लहर) ४५ मिलीव्होल्ट. १०० च्या वर जाईपर्यंत आल्टरनेटरवर संशय घेण्याचं कारण नाही.

मल्टिमीटरबद्दल एक सावधगिरी. स्वस्त मीटरमध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर नसतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एसी रेंज २५-२६ दाखवते आणि प्रोब उलटे केले की शून्य. असं झालं तर एका प्रोबच्या सीरिजमध्ये १ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाकायचा.

आता वेगळं काढण्याचं काम. प्रत्येक वेळी ॲम्प बंद करूनच आरसीए काढायची. चालू ॲम्पवर ओढाताण केली तर हेडयुनिटमधल्या आरसीएच्या शील्डचा (केबलच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाचा) इवलासा पिको फ्यूज उडू शकतो, आणि मग मूळ दोष राहतो बाजूला, नवीच शिट्टी सुरू होते.

पहिली चाचणी: ॲम्पच्या इनपुटला शॉर्ट केलेले आरसीए प्लग, मधली पिन आणि बाहेरची कडी सोल्डरने जोडलेले. हे फक्त ॲम्पच्या बाजूला लावायचे, हेडयुनिटच्या आउटपुटला कधीच नाही. शिट्टी गेली, म्हणजे ॲम्प आणि स्पीकरच्या वायरा निर्दोष. दुसरी: चार्जरला न लावलेला फोन थेट ॲम्पला. शांत. तिसरी: हेडयुनिट ते ॲम्प नवी आरसीए, सीटवरून मोकळी टाकलेली. शिट्टी परत. म्हणजे जुन्या केबलचा रस्ता दोषी नव्हता. पॉवर डाव्या कडेने आणि आरसीए मधून, हा नियम पाळायचाच. पण आपल्याकडे केबलच्या रस्त्याला जितका दोष देतात तितका तो क्वचितच असतो. चौथी: आरसीएची कडी ते हेडयुनिटचं बाहेरचं आवरण, ०.३ ओहम, त्यातले ०.२ प्रोबचे. पिको फ्यूज शाबूत.

उरला अर्थ. इथे ओहमची रेंज बंद करून मिलीव्होल्टवर यायचं. इंजिन १५०० ला, हेडलाइट चालू, एसीचा ब्लोअर पूर्ण, आणि काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर:

ॲम्पचा अर्थ ३१ मिलीव्होल्ट. हेडयुनिटचं आवरण १७३.

दोघांत १४२ मिलीव्होल्टचा फरक, आणि तो आरसीएच्या शील्डमधून वाट काढतोय. ब्लोअर बंद केला की फरक २० च्या आसपास. चोर तिथेच सापडला: हेडयुनिटची काळी वायर आणि ब्लोअरचा अर्थ डाव्या बाजूच्या पॅनलमागे एकाच बोल्टवर येतात. ब्लोअरचे १२ अँपिअर १२ मिलिओहममधून गेले की १४४ मिलीव्होल्ट होतात. १२ मिलिओहम साध्या मीटरला दिसतच नाहीत. म्हणून ‘अर्थ बरोबर आहे, मीटर बीप करतो’ या वाक्याला काही किंमत नाही.

बोल्ट उघडला तेव्हा थिंबलखाली (वायरच्या टोकाला लावलेल्या धातूच्या तुकड्याखाली) हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं. खारा वारा आणि चार महिन्यांचा दमटपणा मिळून आपल्या गाड्यांत हे सगळीकडे करतात, वरून बोल्ट चकचकीत दिसला तरी. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा आणि थिंबल उघडे धातूवर आणले, मध्ये दातेरी वाशर, घट्ट पिळलं, आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली. शिवाय हेडयुनिटची काळी वायर तिथून सोडवून २.५ चौरस मिमीच्या वेगळ्या वायरने ॲम्पच्याच अर्थ-बोल्टवर नेली. ॲम्पचा अर्थ पत्र्यावर स्वतंत्र बोल्टने आहे. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही, तो जिवाचा प्रश्न आहे.

आता फरक ६ मिलीव्होल्ट, ब्लोअर चालू असताना. चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर ३००० आरपीएम लांबवर टिकतो. शांत ट्रॅक लावून तिथेही ऐकलं, ट्वीटरला कान लावला तरच काहीतरी जाणवतं.

राहिलेली सळसळ गेनची होती, म्हणजे ॲम्प आलेला सिग्नल किती वाढवतो त्याची. नॉब जवळजवळ शेवटाला होते. ६० वॅट आणि ४ ओहमला ॲम्पच्या आउटपुटवर लक्ष्य १५.५ व्होल्ट, ब्रिजच्या १८० वॅटला २६.८. स्पीकर सोडवून, ईक्यू सपाट, हेडयुनिट ४० पैकी ३० वर. पुढच्यांसाठी ४०० हर्ट्झचा टोन, हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) बंद ठेवून (स्वस्त मीटर त्यापुढे खोटं बोलतात), सबसाठी ५०.

ग्राउंड लूप आयसोलेटर (आरसीएमध्ये लावून दोन अर्थांमधला प्रवाह तोडणारी डबी) लावला नाही. त्यातले छोटे ट्रान्सफॉर्मर खालच्या बासवर सॅच्युरेट होतात आणि सबचा जीव जातो. अर्थ मोजून झाल्यावर, शेवटचा उपाय म्हणून ठीक.

एफएमवर, १०५.४ लावलं की, वेगळी खरखर आहे. डॅशकॅमचा यूएसबी चार्जर उपटला की गायब. फेराइट क्लिप आणि अँटेनाच्या केबलपासून वायर दूर, एवढं बाकी.

पावसाआधीची कामं: ॲम्प कार्पेटवरून दोन सेंमी उचलायचा, एसीची ड्रेन नळी तपासायची, कारण ती तुंबली की पाणी थेट सीटखाली येतं. जोड हीटश्रिंकने झाकायचे. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन कुठेही नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. आणि इंजिन ते चासिसची पट्टी: स्टार्टर फिरताना इंजिन ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह फरक ०.२ व्होल्टच्या वर गेला तर तीही बदलायची.