गियर टाकला की बंद

फोंड्याच्या घरी अंगणात दोन गाड्या उभ्या असतात, एक बाबांची 1984 ची बुलेट आणि एक माझी मोटरसायकल, चार वर्षांची, बीएस 6 म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली. कुठली चांगली म्हणून कोणी विचारलं तर मी आधी कुठे जायचंय ते विचारतो.

बुलेट चालू करणं म्हणजे एक विधीच आहे. चावी फिरवली की हेडलाईटच्या वरच्या अँपिअर मीटरचा काटा एका बाजूला झुकतो, मग किक हळूहळू दाबत जायची, काटा मधे आला की पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा छोटा स्विच) उघडले, म्हणजे पिस्टन जवळपास वर आला, मग डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा, लिव्हर ओढून किक जरा पुढे ढकलायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच दणका. बारावीत असताना घाईत हे सगळं सोडून नुसती किक मारली आणि ती अशी उलटी आली की आठवडाभर लंगडत कॉलेजला. चूक माझीच, बाबा वर आणि हसले.

पण आत काय चाललंय ते सगळं कळायचं. पॉइंट उघडले की कॉइलचा करंट तुटतो आणि प्लगला ठिणगी पडते, बस, एवढंच. स्टार्टिंगला त्रास द्यायला लागली की बाबा रविवारी कव्हर खोलून पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवायचे, गॅप 0.4 मिमीच्या आसपास बसवायचे, तरी फटफट करत राहिली तर कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) बदलायचा. कार्बोरेटरचंही तसंच, हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. यात कोणी काही मोजत नाही. थंड आहे का, पाऊस आहे का, तुम्ही घाट चढताय का, कार्बोरेटरला पत्ता नसतो, म्हणून चोक तुम्ही ओढायचा आणि आयडलिंगचा स्क्रू तुम्ही फिरवायचा.

नवीन गाडीत हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, करतो. क्रँक कुठे आहे, थ्रॉटल किती उघडला, इंजिन किती गरम, सायलेन्सरमधे ऑक्सिजन किती उरला हे बघून इंजेक्टर किती मिलीसेकंद उघडायचा ते ठरवतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं आणि कार्बोरेटरवाल्या नव्या गाड्या जवळजवळ संपल्याच, कारण धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोल साधारण 14.7 ला 1 असंच लागतं, आणि ते जेटच्या जिवावर होत नाही. खरं सांगतो, इंजिन म्हणून नवीनच बरं. जूनच्या पावसात सकाळी सहाला बटण दाबलं की चालू. उगाच जुन्याचे गोडवे गाणारे बरेचसे रोज ऑफिसला स्कूटर घेऊन जातात.

फक्त एक, बॅटरी मेली की खेळ खल्लास, पेट्रोलचा पंपच चालत नाही, ढकलून काय होणार.

तर गेल्या जुलैत बेळगावहून येताना चोर्ला घाटात धो धो पाऊस आणि गाडी बंद. बटण दाबलं, चालू झाली. पहिला गियर टाकला, बंद. परत न्यूट्रल, चालू. परत गियर, बंद. असं वीस वेळा तरी केलं असेल. इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला नाही, म्हणजे गाडीच्या मते सगळं ओके. मोबाईलला रेंज नाही, बुलेट असती तर निदान प्लग तरी काढून बघितला असता, इथे काय उघडायचं तेच कळेना. (होंडाच्या बऱ्याच गाड्यांत तो दिवाच लुकलुकून फॉल्टचा कोड सांगतो, लांब म्हणजे दहा आणि छोटा म्हणजे एक, पण दिवा पेटलाच नाही तर कोड कुठला.)

शेवटी एका पिकअपवाल्याने अंजुणे धरणाच्या पुढे केरीपर्यंत आणून सोडलं, तिथून साखळीच्या एका वर्कशॉपमधे. त्यांनी स्कॅनर लावला, कोड शून्य, म्हणे गाडी ठेवून जा, वायरिंग बघावं लागेल, दोन-तीन दिवस. बाजूच्या गाळ्यात एक म्हातारा मेकॅनिक पंक्चर काढत बसलेला, त्याने तिथूनच विचारलं, "न्यूट्रलांत चालू आनी गियर घातलो की बंद? मरे, स्टँडाचो स्विच पळय." म्हणजे स्टँडचा स्विच बघ.

साईड स्टँड खाली असताना गियर टाकला तर इंजिन बंद व्हावं म्हणून तिथे एक छोटा स्विच असतो. स्टँड वर होता, पण स्विचच्या कपलरमधे, म्हणजे वायरींच्या जोडात, चिखल आणि हिरवा गंज, ईसीयूला वाटत होतं स्टँड खालीच आहे. म्हणजे कॉम्प्युटर बरोबरच वागत होता, त्याला कळवणारी वायर खोटं बोलत होती. म्हाताऱ्याने कपलर सोडवला, जुन्या टूथब्रशने पिना घासल्या, ग्रीस भरलं. वायर डायरेक्ट करू का म्हणून विचारलं त्याने, मी नको म्हटलं, स्टँड खाली ठेवून वळणावर आपटलेले दोन-तीन जण माहिती आहेत.

पन्नास रुपये घेतले, आणि पाऊस संपला की नवीन स्विच घाल म्हणाला. अजून घातलेला नाही, टूथब्रश मात्र डिकीत आहे.