पाण्याखालचा आवाज मोजताना : माझा अनुभव

समुद्रतळात खांब ठोकण्याचे काम सुरू होणार असेल, तर ते सुरू होण्याआधी तिथल्या पाण्यात किती आणि कसला आवाज असतो याची नोंद व्हायला हवी, कारण एकदा काम सुरू झाले की ती नोंद पुन्हा मिळवता येत नाही. अशाच एका बांधकामापूर्वीच्या पर्यावरण पाहणीत आवाजाच्या मोजमापाची जबाबदारी माझ्याकडे आली. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, निवडण्यापासून अहवालातील शिफारशी मान्य होईपर्यंतची प्रक्रिया कशी पार पडली, ते या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

पहिला प्रश्न उपकरणाचा वाटतो, पण खरे तर तो आपल्याला काय ऐकायचे आहे याचा असतो. फिन व्हेलची हाक २० हर्ट्झच्या आसपास असते, तर प्रतिध्वनीवरून भोवतालचा अंदाज घेण्यासाठी डॉल्फिन काढतो त्या टिचक्या १०० किलोहर्ट्झच्याही पुढे जातात. रेकॉर्डर सेकंदाला जितके नमुने घेतो, त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज त्यात उतरतो. आम्ही सेकंदाला ९६ हजार नमुने ठरवले, म्हणजे ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मिळणार होता. त्यात जहाजे, मासे आणि डॉल्फिनच्या शिट्ट्या येत होत्या, पण टिचक्यांचा मुख्य भाग सुटत होता, आणि ही मर्यादा अहवालात स्पष्ट लिहिणे भाग होते. अशा अखंड नोंदीची दिवसाला साडेसोळा गिगाबाइटच्या आसपास माहिती साठते. बॅटरी आणि साठवण पुरावी म्हणून दर पंधरा मिनिटांतली पाच मिनिटे नोंदवायची, असे ठरले.

त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात आवाज देऊन उपकरणाचे मोजमाप पडताळणे. ज्ञात पातळीचा २५० हर्ट्झचा स्वर देणारे पिस्टनफोन हायड्रोफोनवर बसवून संपूर्ण साखळी, म्हणजे हायड्रोफोन, प्रवर्धक आणि रेकॉर्डर, उतरवण्यापूर्वी आणि वर काढल्यानंतर तपासली. कोरडे वाटणारे हे काम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. ते नसेल तर हाती केवळ ध्वनिफिती राहतात, त्यांतून पातळी सांगता येत नाही. शिवाय पाण्यातील डेसिबलचा संदर्भ १ मायक्रोपास्कल असतो आणि हवेतील २० मायक्रोपास्कल, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते. बैठकीत कोणीतरी हमखास विमानाच्या आवाजाशी तुलना करतो, म्हणून हा खुलासा अहवालाच्या पहिल्याच पानावर घातला.

पृष्ठभागावरच्या बोयाला हायड्रोफोन टांगला असता, तर लाटांबरोबर तो वरखाली होऊन बोयाच्या साखळीचा खडखडाटच नोंदला गेला असता. म्हणून तळाशी वजन, त्यावर ध्वनिसंकेताने सुटणारा दुवा, मग रेकॉर्डर आणि पाण्यातच बुडालेला तरंगक अशी उभी मांडणी केली. जोडणीत धातू धातूवर आपटणार नाही, याची काळजी घेतली. तरीही भरती-ओहोटीच्या जोरात हायड्रोफोनभोवती वाहणाऱ्या पाण्याचा घरघराट सर्वांत खालच्या वारंवारतांमध्ये शिरतोच. तो समुद्राचा आवाज नव्हे, उपकरणामुळे निर्माण झालेला असतो, म्हणून प्रवाहाच्या वेळापत्रकाशी ताडून तेवढे तुकडे वेगळे काढावे लागले.

वर आलेल्या रेकॉर्डरच्या नळकांड्यावर शेवाळ आणि बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचा थर चढला होता. तो खरवडण्याआधी छायाचित्रे घेतली, गोड्या पाण्याने धुतले, झाकणाच्या रबरी कड्याभोवतीचे मीठ पुसले, आणि उपकरणाचे घड्याळ जीपीएसच्या वेळेशी ताडले. अशी घड्याळे मागेपुढे होतातच, आणि तो फरक दुरुस्त केल्याशिवाय जहाजांच्या नोंदींशी आवाज जुळवता येत नाही.

विश्लेषणात सर्वाधिक वेळ गेला. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कोणत्या वेळी कोणत्या वारंवारतेचा आवाज किती होता हे दाखवणाऱ्या चित्रावर, २ किलोहर्ट्झच्या वर अखंड दाणेदार पट्टा दिसत होता, तो स्नॅपिंग श्रिम्प या कोळंबीचा. पंजा झटक्यात मिटताना पाण्यात तयार होणारा बुडबुडा फुटतो, त्याचा हा कडकडाट. जवळून जाणारे जहाज ओळखणे सोपे जाते : थेट आलेला ध्वनी आणि पृष्ठभागावरून परतलेला ध्वनी एकमेकांत मिसळून स्पेक्ट्रोग्रामवर यू आकाराचे पट्टे उमटतात, आणि त्यांचा तळ ज्या क्षणी येतो तेव्हा जहाज सर्वांत जवळ असते. तो क्षण एआयएसच्या, म्हणजे जहाजे आपली ओळख आणि स्थान प्रसारित करतात त्या यंत्रणेच्या, नोंदीशी जुळवला की जहाजही कळते. मात्र थोडीच जहाजे ऊर्जेची सरासरी वर खेचतात, म्हणून ६३ आणि १२५ हर्ट्झच्या एक-तृतीयांश अष्टक (वारंवारतेच्या ठरावीक अरुंद) पट्ट्यांसाठी, जे युरोपीय संघात जहाजांच्या आवाजाचे निदर्शक मानले जातात, सरासरीसोबत मध्यकही दिला.

आमचे सर्वांचे लक्ष डॉल्फिनकडे होते. प्रत्यक्षात सर्वांत ठळक निघाला तो माशांचा आवाज. सूर्यास्तानंतर काही शे हर्ट्झमध्ये पातळी दररोज चढत जाई आणि रात्री उतरे. हेडफोनवर ऐकले तर ढोलावर बोटे फिरवल्यासारखा असंख्य थापांचा एकच गुंजारव. क्रोकर कुळातील मासे वाताशयालगतचे स्नायू थरथरवून असा आवाज काढतात, आणि प्रजननकाळात त्याला विशेष जोर येतो. खांब ठोकण्याच्या आवाजाची बहुतांश ऊर्जाही १ किलोहर्ट्झच्या खाली, म्हणजे नेमकी याच पट्ट्यात असते. हे एकाच आलेखावर मांडल्यावर फार समजावून सांगावे लागले नाही.

आवाज कमी झाल्याने प्राण्यांना खरोखर फरक पडतो का, असे बैठकीत विचारले गेले. उत्तरादाखल कॅनडातील फंडीच्या उपसागराचे उदाहरण दिले. सप्टेंबर २००१ मध्ये तिथली जहाजवाहतूक अचानक घटली, पाण्यातील आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरला, आणि त्याच काळात गोळा केलेल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाशी संबंधित संप्रेरकांचे प्रमाण कमी आढळले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मर्यादा काय असावी, यासाठी जर्मनीचा नियम समोर ठेवला : खांबापासून ७५० मीटरवर एका घावाची ध्वनी-उद्भासन पातळी, म्हणजे त्या घावातून तिथे पोहोचणाऱ्या एकूण ध्वनिऊर्जेचे माप, १६० डेसिबलपेक्षा जास्त नसावी.

एक वाक्य अहवालातून वगळावे, असा आग्रह झाला होता : डॉल्फिनच्या शिट्ट्या कमी मिळाल्या म्हणून डॉल्फिन कमी आहेत, असा निष्कर्ष काढता येणार नाही. प्राणी गप्प असू शकतो, टप्प्याबाहेर असू शकतो, किंवा जहाजाच्या आवाजाखाली त्याची हाक झाकली गेलेली असू शकते. मी ते वाक्य काढू दिले नाही.

शेवटी तीन अटी मान्य झाल्या. माशांच्या प्रजननकाळात सूर्यास्तानंतर ठोकणी बंद राहील, खांबाभोवती आवाज अडवणारा हवेच्या बुडबुड्यांचा पडदा असेल, आणि प्राण्यांना दूर जायला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक खांबाचे पहिले घाव कमी जोराचे असतील. मापनासाठी एक रेकॉर्डर ७५० मीटरवर आणि दुसरा आमच्या मूळ जागेवर, त्याच खोलीवर आणि त्याच मांडणीत राहणार आहे, म्हणजे कामाआधीच्या संध्याकाळी आणि कामादरम्यानच्या संध्याकाळी यांची थेट तुलना करता येईल.