कापरेकरांच्या स्वयंभू संख्या: चार वजाबाक्यांची परीक्षा

गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव निघालं की पाठोपाठ ६१७४ येतो. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. चारही अंक सारखे असतील तर मात्र पहिल्याच वजाबाकीला शून्य. मुलं हमखास चुकतात ती संख्येच्या सुरुवातीला येणाऱ्या शून्यापाशी. २१११ − १११२ = ९९९ आलं की ते ०९९९ असंच धरायचं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२, ६१७४. शून्य टाकून दिलं तर ९९९ − ९९९ होतं आणि सगळं तिथेच संपतं.

पण कापरेकरांची खरी कारागिरी दिसते ती स्वयंभू संख्यांमध्ये, आणि तिची चर्चा फार कमी होते.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये असताना, १९२७ साली, रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ साली बी.एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. हाताशी कागद-पेन्सिल, म्हणून त्यांच्या पद्धतींत आकडेमोड वाचवण्याकडे सतत लक्ष असतं.

एखादी संख्या घ्या आणि तिच्यातच तिच्या अंकांची बेरीज मिळवा. ४७ ला ४ + ७ = ११ मिळवले की ५८. ५८ ला १३ मिळवले की ७१. म्हणजे ४७ हा ५८ चा जनक, ५८ हा ७१ चा. आता उलटा प्रश्न: अशी संख्या आहे का, जिला जनकच नाही? आहे. २० घ्या, कुठल्याही संख्येत तिची अंकबेरीज मिळवून २० येत नाही. हीच स्वयंभू संख्या. गावावरून तिला देवळाली संख्या असंही म्हणतात.

आता २०२२ स्वयंभू आहे का? चार अंकांची बेरीज ३६ च्या वर जात नाही, तेव्हा जनक असलाच तर मागच्या ३६ संख्यांतच असणार. पण ३६ संख्या तपासायच्या कशाला? कापरेकरांची रीत चारांतच काम संपवते.

आधी बीजांक काढा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जा: २ + ० + २ + २ = ६. बीजांक सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर ९ मिळवून निम्मा करा. इथे ३ आले. आता २०२२ मधून ३ वजा करा, मग १२, मग २१, मग ३०. दर वेळी बघायचं एवढंच की जेवढे वजा केले तेवढीच उत्तराची अंकबेरीज आहे का.

२०१९, अंकबेरीज १२, हवी होती ३. नाही.
२०१०, अंकबेरीज ३, हवी १२. नाही.
२००१, पुन्हा ३, हवी २१. नाही.
१९९२, अंकबेरीज २१, हवी ३०. नाही.

जनक नाही, म्हणून २०२२ स्वयंभू. जितके अंक, तितक्याच पायऱ्या.

हे चालतं कशामुळे? ९ ने भागल्यावर संख्येची आणि तिच्या अंकबेरजेची बाकी सारखीच येते. म्हणून जनक अधिक त्याची अंकबेरीज यांची बाकी म्हणजे अंकबेरजेच्या बाकीची दुप्पट (नऊच्या हिशेबात). दुप्पट माहीत आहे, मूळ हवंय, म्हणून निम्मं करायचं. विषमाचं निम्मं पूर्णांकात येत नाही, ९ मिळवला की येतं, आणि ९ मिळवल्याने बाकी बदलत नाही. दर पायरीला ९ ची उडी तीही त्याचमुळे. उरलेल्या ३२ संख्या जनक असूच शकत नाहीत. इतकं साधं कारण, आणि ते शाळेच्या फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येतं. मला हे त्यांचं सर्वांत सुंदर काम वाटतं.

एक सावधगिरी. सगळे जनक हवे असतील तर पहिला सापडल्यावर थांबू नका. १०१ चा बीजांक २, निम्मा १. १०० ची अंकबेरीज १, जुळली. पण पुढे ९१ ची १०, तीही जुळते. १०१ ला दोन जनक आहेत.

१९७४ साली बर्नार्दो रेकामान या कोलंबियन गणितज्ञाने याच संख्यांवर प्रश्न मांडला, म्हणून काही ठिकाणी त्यांना कोलंबियन संख्या म्हणतात. पुढच्याच वर्षी गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि नाव जगभर गेलं. तोवर निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. कापरेकर १९८६ साली गेले.

१९०५ आणि १९८६ ही दोन्ही सालं याच रीतीने तपासून बघा. दोन्हींचा बीजांक ६, दोन्हींचा जनक तिसऱ्या पायरीला मिळतो: १८८४ आणि १९६५. २०२२ नंतरचं स्वयंभू साल २०३३ आहे. तेही चार वजाबाक्यांत पडताळून होतं.