चुका सांगायचे पैसे आम्ही घेत नाही

अमळनेरमध्ये नवा धंदा काढला की कुणीतरी विचारतंच, "शेअर कधी काढता?" १९४५ साली इथे निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली, त्याची ही सवय. आमचा पसारा दोन खोल्यांचा. मी, माझी नणंद आणि एक सहकारी. काम पालकांना मार्गदर्शन करण्याचं.

आधी मी शिकवण्या घ्यायचे. मुलाला सोडायला आलेली आई दारातच सुरू व्हायची: ऐकत नाही, मोबाइल सोडत नाही, आणि शेवटी "माझंच चुकतंय." बाप आला तर, "मॅडम, तुम्हीच झापा त्याला." बसायला हवं होतं ते या मोठ्यांबरोबर. रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि शिकवण्या हळूहळू बंद केल्या.

पद्धत काही आमची नाही. अमेरिकेत मिलवॉकीला स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या जोडप्याने समुपदेशनात एक साधा प्रश्न रुळवला: हा त्रास कधी होत नाही, आणि तेव्हा काय वेगळं असतं? नेदरलँड्सच्या मारिया आर्ट्स यांची 'मार्ते मेओ' पद्धत पालकाला जमलेला क्षण व्हिडिओवर दाखवते. आम्ही दोन्हींतलं घेतलं.

बोरी नदीकाठच्या एका खेड्यातलं घर सांगते. मुलगा चार वर्षांचा, शब्द मोजकेच. आजीने ओट्यावरच सांगून टाकलं, "पोऱ्या बोलस नही." आम्ही आधी कान तपासून घ्यायला लावले; तज्ज्ञांचं काम तज्ज्ञांनीच करावं, यावर आम्ही ठाम आहोत. कान ठीक निघाले, वाचोपचार सुरू झाले, आणि आम्ही घरी जाऊन नुसतं बघत बसलो. आई दिवसभर "बोल ना, बोल ना" म्हणायची आणि पोरगं तोंड फिरवायचं. संध्याकाळी ती कळण्याच्या भाकरी थापायला बसली. पिठाचा एक गोळा त्याच्या हातात दिला, त्याच्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. हात पिठात, घाई कसली? त्याने गोळा चपटा केला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आजून." तिने दुसरा गोळा दिला.

हे तिच्याच मोबाइलवर टिपलं होतं. तिला दाखवलं आणि विचारलं, "ताई, इथे तुम्ही काय केलंत?" तिने दोनदा पाहिलं. "मी काहीच नाही केलं, थांबले फक्त." मग हेच थांबणं आंघोळीच्या वेळी कसं जमेल, कपडे घालताना कसं, हे तिनेच ठरवलं. आम्ही फक्त विचारत गेलो.

याला लोक 'कौतुक करणं' समजतात. "तुम्ही खूप छान आई आहात" असं सांगून काही होत नाही. ती घरी जाते आणि विसरते. तिने नेमकं काय केलं आणि त्यावर मुलाने काय केलं, एवढंच दाखवायचं. मारहाण होत असेल तर ती थांबवायला आम्ही स्पष्ट सांगतो, तिथे गोड बोलत नाही. एका शाळेने पालकसभेला बोलावून "पालकांना जरा कडक शब्दांत सांगा" असा आग्रह धरला. पाकीट बरं होतं. नाही म्हटलं.

पैशांचं गणित इथलं इथेच शिकावं लागलं. "नुसत्या बोलायचे पैसे?" हे अजूनही ऐकतो. शेतकरी घरांत फी कापूस विकल्यावर येते, म्हणून पावसाळ्यात आम्ही तगादा लावत नाही. तेव्हा शहरातल्या नोकरदारांवर भागतं.

सगळ्यात जास्त गर्दी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी आलेल्या असतात, पोरं झोक्यावर, आणि सासरी जे तोंडातून निघत नाही ते आईच्या ओसरीवर मोकळं होतं. नणंदेच्या डोक्यातून निघालेली कल्पना ही: माहेरच्या ओसरीवरच बैठक घ्यायची, आजीलाही बसवायचं. सासरी परतल्यावर पुढचं फोनवर.

यंदा धुळ्यातही या बैठका आहेत. जागा मिळाली आहे. वैशाखाच्या आत कूलर बसवायचा आहे.